शिक्का नंबर सत्तावीस

सोम., ३ फेब्रु.
मोशीच्या पुढे मागचं चाक एकदम बसलं. गाडी वाकडीतिकडी, मागून टँकर. हातभर अंतरावरून गेला. हे गाडी ढकलत पुढे, मी मागे. अण्णांच्या पंक्चरच्या दुकानात ट्यूब काढली तर खिळा नाही, काच नाही. अण्णा म्हणाले, "ह्यो पंक्चर न्हाई ताई. सांधाच उसवलाय. आठ दिसांतला दुसरा." गेल्याच आठवड्यात टाकलेली नवी ट्यूब. उलटून पाहिली. शिक्का २७, खाली १३ जाने.

२७ म्हणजे मी. ट्यूबच्या कंपनीत तपासणीला बसते, त्या शिक्क्याला दुसरं कोणी हात लावत नाही.

अण्णा डबा काढायला लागले. म्हटलं थांबा, मी निवडते. आमच्या मापाचे सात डबे उघडले. चारांत तेच, २७, १३ जाने. वेगळ्या शिक्क्याची एक घेतली, आपल्या चाकात घालून घेतली. आणि ते चार डबे बंद करून परत फळीवर ठेवले. गप्प. हे घाई करत होते, शिफ्ट गाठायची होती.

मंगळ., ४
१३ जानेवारी, भोगीचा दिवस होता तो. नियम असा की हवा भरून ट्यूब रात्रभर रॅकवर राहिली पाहिजे, सकाळी जी मऊ पडली ती बाद. त्या दिवशी माल ट्रकमध्ये चढायचा होता. आमचे सुपरवायझर कदम सर म्हणाले, चार तास बास. पण उगाच सरांच्या नावाने कशाला बोंब मारू? मलाच घरी पळायचं होतं. सासूबाई लातूरहून आलेल्या, तीळ लावून भाकरी करायच्या होत्या. धडाधड शिक्के मारले. किती, तेही आठवत नाही.

बुध., ५
यांना सांगितलं. हे म्हणाले, "मार्चमध्ये तुला पर्मनंट करणारेत. आता तोंड उघडू नकोस."
टँकर विसरलात का, म्हटलं.
"आपली बदलली ना?"
हो, आपली बदलली. तेच तर टोचतंय. सबंध दिवस डोक्यात त्या फळीवरचे चार डबे.

शुक्र., ७
सुटल्यावर एकटीच मोशीला उतरले. फळीवर त्या चारांतले दोनच डबे. अण्णांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी फडक्याला हात पुसले. "तवाच बोलायचं व्हतं ताई. मी काय गिऱ्हाइकाचा जीव घ्यायला बसलोय व्हय हितं?" उरलेले दोन डबे त्यांनी फळीवरून काढून बाजूला टाकले.

विकलेल्यातली एक दूधवाल्याला, त्याचा नंबर आहे, बोलावतो म्हणाले. दुसरी एका दाढीवाल्याला. चाकणकडे कामाला जातो, नाव-गाव माहीत नाही. टाकीवर पुढे लहान पोरगी बसवलेली, पिवळी टोपी. रोज बालवाडीत सोडायला नेतो.

पिवळी टोपी कशाला सांगितली अण्णांनी.

शनि., ८
कदम सरांच्या टेबलावर आमच्या चाकातून निघालेली उसवलेली ट्यूब ठेवली. म्हटलं, त्या दिवसाचा सगळा माल परत मागवा सर. मोबाइलमधून मान वर न करता विचारलं, "सत्तावीस नंबर कुणाचा?" माझा. "मार्चच्या यादीत नाव कुणाचं?" माझंच. "मग जरा विचार करून बोलत जा."

बाहेर आले. तपासणीच्या वहीत १३ जाने.चं पान काढलं आणि खाली लिहिलं: माल फक्त चार तास ठेवला. सही केली. आता खोडता येणार नाही.

सोम., १०
कदम सर बोलत नाहीत. मोठ्या साहेबांनी वही मागवून घेतली, एवढंच कळलं. पुढे काय ते...

अण्णांचा फोन. दूधवाल्याची बदलली. म्हणजे त्या चारांतली एकच राहिली. बाकी कुठल्या कुठल्या दुकानात असतील, देव जाणे. येता-जाता मी नुसती चाकं आणि टोप्या बघते. हे वैतागले, "अगं नीट बस की, गाडी हलतेय."

बुध., १२
दिसली. मोशीच्या सिग्नलला, चार गाड्या पुढे. टाकीवर बसून पाय हलवत होती. मी ओरडले, ओ दादा, मागचं चाक. एवढ्या हॉर्नमध्ये कुणाला ऐकू जातंय. सिग्नल सुटला. यांना म्हटलं, गाठा त्यांना. काही न विचारता यांनी गाडी काढली. चिंबळी फाट्यापर्यंत टोपी दिसत होती, मग दोन ट्रकच्या मधे शिरली. तिथून पुढे दिसली नाही. थांबून सगळ्या गल्ल्या बघितल्या. दोघांनाही उशीर झाला, दोघांचीही हजेरी गेली.

अण्णांकडून त्या दाढीवाल्याच्या गाडीच्या मापाची ट्यूब घेतली. शिक्का तीनदा बघितला. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवलीय.

जेवण झाल्यावर यांनी स्वतःच गजर अर्धा तास आधीचा लावला. "उद्या सिग्नलच्या अलीकडेच उभं राहू," म्हणाले. "तू टोपी बघ. मी दाढी बघतो."