गाडी गॅसवर गेली

७ फेब्रुवारी

गाडी गॅसवर घालायची म्हणे! जावईबुवांनी ठरवलं, लेकीनं मान डोलावली, मला फक्त कळवलं. "आई, पेट्रोलवर चालवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा." असेल. इतकी वर्षं आम्ही दोघं वेडेच होतो म्हणायचं, आणि मजेत होतो.

९ फेब्रुवारी

जावईबुवांनी गाडी नेली. किल्ली घेताना म्हणाले, "काळजी करू नका, संध्याकाळपर्यंत सोडतील." जसं काही टॉन्सिल काढायला चाललेत!

हे ती चालवायचे तेव्हा कोपर खिडकीबाहेर असायचं आणि बेसूर शीळ चालू असायची. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, चांगल्या घरच्या मुली शीळ घालत नाहीत. मी गाडीत घालायचे. फक्त त्या गाडीत.

१० फेब्रुवारी

संध्याकाळ कालचीच म्हणाले होते ना? गाडी आज आली.

डिकी उघडली. आत हा भला थोरला सिलिंडर आडवा पसरलेला — बोलावल्याशिवाय आलेला पाहुणा जेवून लोळावा तसा! मी एवढंच विचारलं, "आणि यांची व्हीलचेअर?"

जावईबुवांचं तोंड पाहण्यासारखं झालं. वर्षाची बचत तोंडपाठ. सासरा खुर्चीशिवाय उंबरा ओलांडत नाही, हे मात्र ध्यानात नाही! अति शहाणा त्याचा बैल रिकामा. गाडी सोडायला आलेला फिटर म्हणाला, "टपावर कॅरिअर लावून देतो." आणि खुर्ची वर चढवणार कोण? मी? या खांद्यांनी? मागच्या सीटवर घालून पाहिली. दारातच अडकली. तिघं मिळून ओढली तेव्हा निघाली.

११ फेब्रुवारी

यांना सांगितलं, उद्या तळ्यावर जाता येणार नाही. "बरं," म्हणाले.

अर्धांगाचा झटका आल्यापासून सगळ्याला "बरं". डॉक्टर सांगतात, पायांत ताकद आहे, धरून उभे राहू शकतील. व्यायाम करून घेणारी मुलगी रोज गोड बोलून थकते — "काका, एकदाच!" काका भिंतीकडे तोंड फिरवतात. पाय नाही, मन गेलंय. तळ्यावरचा रविवार तेवढा उरला होता. त्या दिवशी दाढी स्वतःहून मागायचे.

आता तोही गेला. कशासाठी, तर बचतीसाठी!

१४ फेब्रुवारी

जावईबुवांचा फोन. "कशी पळते?" म्हटलं, कण्हते. चढ आला की मीच पुढे वाकते, तिला तेवढाच आधार.

१८ फेब्रुवारी

लेकीची युक्ती — खुर्ची घरीच ठेव, बाबांना दारातच गाडीत बसवू, तिकडे उतरायचंच नाही. काचेतून तळं बघतील. म्हणजे बरणीतल्या लोणच्यासारखं! पण घरात भिंत बघण्यापेक्षा बरं.

१९ फेब्रुवारी, रविवार

लेकीनं आणि शेजाऱ्यांनी मिळून यांना पुढच्या सीटवर बसवलं. गाडीत आम्ही दोघंच, मी चालवत होते. वाटेत गॅसचा काटा तळाला! काल जावईबुवा मित्रांना "बघा, कळतसुद्धा नाही गॅस आहे" दाखवत गावभर हिंडले, ते असं कळलं. पेट्रोलही नावापुरतं. "आता पेट्रोलचं नाव काढू नका" म्हणाले होते ना!

गॅसच्या रांगेत लागलो. आमची पाळी आली तेव्हा मागे ही गाड्यांची माळ. पंपवाला काचेवर टकटक करत म्हणाला, "सगळे उतरा."

"हे आजारी आहेत. उतरू शकत नाहीत."

"आजी, गाडीत माणूस असताना गॅस भरत नाही. नियम आहे. नाहीतर गाडी बाजूला घ्या."

मागून हॉर्न. मी काय काय बोलले देवाला ठाऊक — जावयाचा, सिलिंडरचा, नियमाचा, सगळ्यांचा उद्धार केला. पंपवाला ढिम्म. मागचा एक ओरडला, "अहो, म्हाताऱ्याला उचला की!"

आणि माझ्या पलीकडचं दार उघडलं.

मी धावत वळसा घालून गेले. यांनी चांगला पाय खाली टेकलेला. मी हात पुढे केला. "नको." दार धरलं, ओठ आवळले, आणि माझा नवरा उभा राहिला. थरथरत, पण उभा! पंपवाला म्हणाला, "बाबा, जरा लवकर." त्यावर हे — किती दिवसांनी त्यांचं अख्खं वाक्य ऐकलं — म्हणाले, "थांब रे, घाई आहे तर तू बस आत!"

मागचा हॉर्न थांबला. मी दाराला पाठ लावून उभी राहिले, दार हलू नये म्हणून. नळी निघाली तसे हे सीटवर कोसळले, घामानं निथळत. मागच्यांनी पाय आत घ्यायला मदत केली.

तळं बघितलंच नाही. सरळ घरी आलो.

२० फेब्रुवारी

व्यायामवाल्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "मग आज उभे राहा ना, काका!" यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

२१ फेब्रुवारी

सकाळी खोलीत गेले तर हे खुर्चीत, एका हातानं बूट घालायच्या खटपटीत. म्हणाले, "गॅस भरायचा असेल ना?"

टाकी जवळजवळ भरलेली आहे.

"हो तर," मी म्हटलं, "अगदी संपत आलाय."