वेदिकाच्या वाढदिवसाचा कन्सोल

इंदिरानगर, नाशिक
१० जुलै २०२५

चि. सौ. सुवर्णास,
अ. उ. आ.

पत्र मुद्दाम तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकतेय. तुमच्या घरी फोन कायम स्पीकरवर, आणि समाधानराव म्हणजे आपल्या भावाचे, राकेशचे जिवलग. हे त्यांच्या कानावर जायला नको.

रविवारी वेदिकाचा तेरावा वाढदिवस. राकेशने लेकीसाठी सगळ्यांना जेवायला बोलावलंय. चार वर्षांनी मी त्याच्या घरी जाणार आहे, एकटीच. हे येणार नाहीत आणि मी आग्रहही केला नाही. मेहुण्याच्या वर्कशॉपमध्ये इतकी वर्षं इमानाने लेथ चालवली, आणि एके दिवशी त्याच मेहुण्याने गेटवर सगळ्या कामगारांसमोर यांचा जेवणाचा डबा उघडून चोरीचं पितळ शोधलं. डब्यात भाजी-भाकरीच निघाली, तरी यांना कामावरून काढलंच. पितळ पुढे सुपरवायझरच्या टेम्पोत सापडलं. तेव्हा राकेश काय म्हणाला, आठवतं ना? झालं ते झालं, आता उगाळू नका. तेव्हापासून हे एका सोसायटीत वॉचमन आहेत आणि घरात तोंड उघडतात ते जेवण्यापुरतं.

मी मात्र उगाळतेय. वेदिकाला मी गेमिंग कन्सोल देणार आहे, आमच्या दुकानातला, अगदी कोरा. बिलिंगला बसून मला एक कळलंय. कन्सोल नेणारा माणूस एकदाच येत नाही. आधी दुसरा कंट्रोलर न्यायला येतो. मग गेम, एकेक चार-पाच हजारांचा. ऑनलाइन खेळायचं तर त्याचे पैसे दरवर्षी निराळे. मग कोणीतरी सांगतं की जुन्या टीव्हीवर यात मजा नाही. मग जोरदार नेट, मग इन्व्हर्टर. चारचौघांत राकेशला 'नाही' म्हणता येत नाही, हे तुला ठाऊक आहेच. फुकट मिळालेल्या वस्तूपायी त्याचा खिसा कसा फाटतो, ते मला बघायचंय.

भिशी लागली होती, ती यात घातली. स्कूटी राहू दे. बस आहेच.

पोरांना गोड पापा. रागावलीस तरी लिहीत जा.

तुझी,
साधनाताई


इगतपुरी
२ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इथे पाऊस इतका की तुझं पाकीट ओलं होऊनच हातात पडलं. अक्षरं पसरली होती, पण तुझा राग काही पसरला नव्हता, एका जागी घट्ट होता.

वाढदिवसाला तू खोकं पुढे केलंस तेव्हा दादाचा चेहरा मी पाहिला. आधी संशय, मग शेजाऱ्यांकडे एक नजर, आणि मग छाती फुगली. माझ्या बहिणीने आणलंय, असं तीनदा म्हणाला. तू तेव्हा हसलीस ना, ते हसू मला नाही आवडलं, ताई. शेखरदाजींचे दात दुखतात म्हणून तू गेल्या वर्षी रडली होतीस. त्या पैशांत ते काम झालं असतं, वर तुझी स्कूटीही दारात आली असती. सूड घ्यायचा तर स्वस्तातला तरी घ्यायचास!

असो. तुला हवी ती बातमी देते, मीही काही साधूसंत नाही. दीपमालावहिनी म्हणत होती की नवा टीव्ही हप्त्यांवर घेतला, पंचावन्न इंची. बसायला मान टेकवायची खुर्चीही आली. वेदिकाला मी फोनवर विचारलं, काय गं, कोणता गेम खेळतेस? ती म्हणाली, आत्या, मला कुठे हात लावू देतात, पप्पाच खेळतात.

हे ऐकून मी हसले आणि मग जरा घाबरले. आई त्याच घरात असते, तिला भेटून ये एकदा.

मोठ्यांना नमस्कार. रागाच्या भरात आम्हाला विसरू नकोस.

तुझी,
सुवर्णा


इंदिरानगर, नाशिक
२६ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. सुवर्णास,
अ. उ. आ.

दिवाळी झाली. माझी तर महिनाभर आधीच सुरू झाली होती. सांगते.

राकेश आमच्याच दुकानात येतो! सातपूरहून इतक्या लांब कॉलेज रोडला, कारण बहिणीच्या ओळखीने सूट मिळेल म्हणून. सूट मी देते, शेकड्याला दोन रुपये, आणि त्या आनंदात तो चार वस्तू जास्त नेतो. हेडफोन नेले. गाडी चालवायच्या गेमसाठी स्टिअरिंग नेलं, खाली पायात ब्रेकसुद्धा. डोळे लाल, दाढी वाढलेली. शेवटच्या खेपेला एक कार्ड चाललं नाही, तर दुसरं काढून दिलं. मी बिल फाडत होते आणि प्रत्येक बिलाला मला गेट दिसत होतं.

वर्कशॉप कसं चाललंय, असं मी सहज विचारलं. म्हणाला, पोरं बघतात. सुपरवायझर पळाल्यापासून तिथे बघणारी पोरं कोण आहेत, तूच सांग.

यांना मी काही बोलले नाही. पण मला झोप छान लागते हल्ली. आईकडे जायचं राहतंय, सणाच्या गर्दीत सुट्टी मिळत नाही. पुढच्या महिन्यात नक्की.

तुझ्या चकल्या पोचल्या, जरा कडक होत्या. पुढच्या वर्षीही धाड.

तुझी,
साधनाताई


सातपूर, नाशिक
१९ डिसेंबर २०२५

ती. साधनाताईंस,
दीपमालाचा शि. सा. न.

फोनवर मला रडू येईल, म्हणून लिहिते.

तुम्ही ती वस्तू मायेने दिली नव्हती, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तुमचा राग खोटा नाही. पण तो कुठे जाऊन पडलाय, ते बघायला एकदा या.

हे पहाटेपर्यंत खेळतात आणि दुपारी उठतात. जुनी कंपनी माल वेळेवर मिळेना म्हणून काम दुसरीकडे घेऊन गेली. लेथवरचे जुने लोक पगार थकला म्हणून एकेक करून गेले. टीव्हीचा हप्ता माझ्या पाटल्यांमधून गेला. तेही सोसलं असतं. पण हॉलमध्ये पोरीच्या अभ्यासाला आवाज होतो म्हणून यांनी तो टीव्ही आईंच्या खोलीत नेला, आणि आईंची कॉट गॅलरीत टाकली. गॅलरीला नुसती जाळी आहे. परवा पारा किती उतरला, तुम्हाला माहीत आहे. आई खोकतात आणि मला म्हणतात, कोणाला सांगू नकोस, माझ्या लेकाची बदनामी होईल.

मी दोनदा कॉट आत आणली, यांनी दोनदा बाहेर काढली. माझं ते ऐकत नाहीत. तुम्ही या.

माया कमी करू नका.

आपली,
दीपमाला


इंदिरानगर, नाशिक
२५ जानेवारी २०२६

चि. सौ. सुवर्णास,
अ. उ. आ.

आई आता बरी आहे, फुफ्फुसाची सूज उतरली. कालपासून भाकरी मागते. काळजी करू नकोस, आणि काय घडलं ते तुला इतरांकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळू दे.

दीपमालाचं पत्र यांना वाचून दाखवलं. हे उठले आणि बूट घातले. त्या घराची पायरी न चढणारा माणूस माझ्या पुढे जिना चढला. आई गॅलरीत गोधडीत गुंडाळून पडली होती, हात बर्फासारखे. राकेश आतल्या खोलीत हेडफोन लावून टीव्हीसमोर बसला होता. मी दारात उभी राहिले. यांनी आईला उचललं, दीपमालाने तिचं बोचकं घेतलं, आम्ही त्याच्या पाठीमागून निघालो. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. आई गेली हे त्याला जेवायच्या वेळी समजलं.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात आला. मी त्याला आत ये म्हटलं नाही. कन्सोल परत घे, आई दे, म्हणाला. वर विचारतो, तुझं काय देणं लागतो ते एकदा सांगून टाक! मी म्हटलं, पैसे नकोत, वर्कशॉपच्या गेटवर सगळ्यांसमोर सांग की शेखर चोर नव्हता. जुन्या गोष्टी कशाला, असं तो म्हणायला लागला, तेवढ्यात आई कॉटवरून बोलली. म्हणाली, आधी गेटवर जा, मग मला आई म्हण.

सोमवारी सकाळी तो गेला. मी आणि हे समोर उभे होतो. राकेशने मोठ्याने सांगितलं, हात जोडले, रडलाही. पण ऐकायला होतं कोण? दोन नवी पोरं आणि झाडूवाली सुलाबाई. त्या दिवशी ज्यांनी सगळं पाहिलं होतं, त्यांतला सुलाबाईखेरीज एकही जण आता तिथे कामाला नाही. माझ्या त्या कन्सोलनेच ते वर्कशॉप रिकामं केलं होतं.

आणि आई गॅलरीत गारठत होती, तेव्हा मी दुकानात बसून त्याची बिलं फाडत होते. हे मला तुझ्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही.

हे मात्र घरी येताना बोलत होते. बसमध्ये सारखे बोलत होते, सुलाबाई केवढी थकली म्हणून. त्यांना तेवढ्याने पुरलं. मला नाही पुरलं गं. तो रडला, पण त्याला माफ करावंसं मला अजून वाटत नाही, आणि कधी वाटेल असंही दिसत नाही.

आईने तुला बोलावलंय. समाधानरावांना खुशाल घेऊन ये, आता लपवायचं काही उरलं नाही. मी जशी आहे तशी तुला चालते ना, तेवढं फक्त लिही.

तुझी,
साधनाताई