गेलेली पाळी परत आली तेव्हा

केनवड, ता. रिसोड
१२ नोव्हेंबर

प्रिय योगिनी,

फोनवर तू "बरी आहे, ठेवते" म्हणून दीड मिनिटात मोकळी होतेस आणि मला तुला धरून ठेवता येत नाही. म्हणून हे पत्र. हसू नकोस. अंगणवाडीत तीस वर्षं अहवाल लिहिले, तर पोरीला चार पानं लिहायला काय धाड भरली आहे? घरचं म्हणशील तर सोयाबीन निघालं, पावसानं थोडं डागलं. बाबांचा गुडघा आहे तसाच आहे, पण बबनरावांच्या ओट्यावर जाऊन वाद घालायचा असला की तो दुखत नाही.

आता माझं सांगते. लाजेनं वर्षभर दाबून ठेवलं, आता नाही ठेवत. माझी पाळी गेली त्याला सहा वर्षं झाली. सुटले बाई, म्हणून मी तेव्हा पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. मागच्या वर्षी महालक्ष्म्या बसायच्या दोन दिवस आधी मी चिंच लावून मुखवटे घासत होते आणि उठले तर पातळाला डाग. खरं सांगते, पहिला विचार आजाराचा आलाच नाही. पहिला विचार आला की आता पुरणाला हात कोण लावणार! डॉक्टर सोडून मी गेले कुणाकडे, तर गल्लीतल्या धनीबाईकडे. सोवळ्याओवळ्याचं सगळ्या गावाला तीच सांगते. ती म्हणाली, "गेलेलं वापस आलं तं आयुष्य वाढते माय. पाच दिवस बाजूले बस अन् कोणाले सांगू नको." मी बसले. महालक्ष्म्यांचा सगळा स्वयंपाक तुझ्या काकूनं केला आणि मी पडवीत बसून तिच्या पुरणाला नावं ठेवली.

मग ते सुरूच राहिलं. कधी वीस दिवसांनी, कधी महिन्यानं. दर वेळी मी पाच दिवस देवाला शिवले नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावला नाही, बाबांना खिचडी शिकवली. ते चिडायचे, "या वयात कायचं सोंग करून राह्यली?" मी आपली दिवस मोजून डोक्यावरून पाणी घेत होते आणि शुद्ध झाले म्हणत होते. आयुष्यभर पोरींना घसा फोडून सांगितलं, अंगावर काढू नका गं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी गेलं तरी दवाखाना गाठायचा, हे मीच तक्ता लावून बायांना शिकवलं होतं. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. या उन्हाळ्यात ते पाच दिवस थांबेनातच. जिना चढताना धाप लागायला लागली, तर मी लोहाच्या गोळ्या खाल्ल्या.

पॅड गावात घ्यायची लाज, म्हणून रिसोडला जीपनं जाऊन गफ्फारभाईंच्या दुकानातून आणायची. दुकानात त्यांची बायको लतीफा बसते. तिनं तीन-चार वेळा मुकाट्यानं दिली. दिवाळीच्या आधी मात्र पुडा हातात धरून ठेवला आणि विचारलं, "मावशी, पोरगी तं तुमची बाहेरगावी हाय, मंग हे कोणासाठी नेऊन राह्यल्या?" मी काहीबाही बोलले. ती म्हणाली, "माह्या सासूचं असंच झालं होतं. आमी बी विटाळच समजलो. तुमी उद्या माह्यासंगं अकोल्याले चाला." सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं त्या बाईनं केलं. सोनोग्राफी झाली, पिशवीतला तुकडा तपासायला गेला, मग छातीचाही फोटो काढला.

त्या दिवसांत मला तुझंच आठवत राहिलं. तू एकोणीस वर्षांची होतीस. तुझी पाळी चार-चार महिने यायची नाही, हनुवटीवर केस आले होते, आरशासमोर तू रडायचीस. वाशीमच्या डॉक्टरीणबाईंनी पीसीओडी सांगून एकवीस दिवसांच्या गोळ्या दिल्या. औषधवाला चारचौघांत म्हणाला की ह्या तर पोट न राहण्याच्या गोळ्या. मी घरी येऊन त्या चुलीत टाकल्या आणि तुला विचारलं, खरं सांग, कोण आहे तो? वर म्हणाले, लग्न झालं की होते आपोआप नीट. पोरी, पाळी नियमित व्हावी म्हणूनही त्याच गोळ्या देतात, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. मला माहीत होतं. तरीही गाव काय म्हणेल याला मी जास्त भ्याले. दहा वर्षं झाली, तू माझ्याशी धड बोलली नाहीस, आणि मी सगळ्यांना सांगत फिरले की पोरगी नोकरीत फार गुंतली आहे.

परवा अकोल्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर आहे, फुप्फुसापर्यंत गेला आहे, आता ऑपरेशनचा उपयोग नाही. बाबा बाहेर बाकावर होते, त्यांना मी पिशवीला सूज आहे एवढंच सांगितलं. मग डॉक्टरांनी विचारलं, मुलगी आहे का, तिची पाळी कशी येते? त्यांनी समजावलं की पाळी महिनोन् महिने आली नाही तर अस्तर साचत जातं, जाड होतं, आणि काहींच्यात पुढे तिथेच बिघाड सुरू होतो. वेळेवर गोळ्या घेतल्या, वजन सांभाळलं, तपासत राहिलं तर टळतं. आणि मी, योगिनी, त्यांच्या तोंडावर म्हणाले, मुलीची पाळी अगदी वेळेवर येते. अजूनही जीभ तशीच वळली. ते खोटं मोडायला हे पत्र लिहिते आहे. मला भेटायला धावत येऊ नकोस, माफ कर असंही म्हणत नाही. आधी दवाखान्यात जा. घरात कुणाला असा आजार आहे का, असं तिथे विचारतील. लाजू नकोस, आईला आहे असं सांग. 'आईला होता' म्हणायची वेळ यायच्या आत जा.

तुझीच, कशीही असले तरी,
आई