भाज्याच्या बांधावरचा पाला

चि. विश्रामला अक्काचा आशीर्वाद.

भाजे गावात माझी सोय चांगली आहे, गुडघेही चालतात. आईचा खोकला थांबला का?

शेतातल्या कचऱ्यापासून इंधन करायचा कारखाना तू काढणार, म्हणून इथल्या बांधांवर रचलेला पाला आणि फांद्या मी आठवडाभर कचरा म्हणून वहीत मोजत होते. काल घरमालकीण रतनबाई म्हणाल्या, "समदं न्या बाई. मग आमी राब कशानं भाजायचा? भाताची रोपं तुमच्या वहीत लावू?" राब म्हणजे हेच: पेरणीआधी रोपांची जमीन त्याच पाल्याने भाजतात. पेंढा गुरं खातात. कारखान्याला उरेल असं काहीच नाही. अहवालात मी तसंच लिहिलं आहे.

कारखान्यासाठी नोकरीचा राजीनामा दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील, तर आईला तू सांगू नकोस. मी येऊन सांगेन.

तुझी अक्का,
कुमुद