गराजमधली बाई

गुरुवार संध्याकाळ, बॉथेल

मृणालने थेरपी बंद केली. तीन वर्षांपासूनची माझी क्लायंट. मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात माझी कथा वाचली म्हणे. "ताई, घरी पोचल्यावर वीस मिनिटं गराजमध्ये गाडीतच बसून राहते ती बाई मीच ना? मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं." फोन ठेवूनच दिला.

तुझी नाही गं, माझी गोष्ट आहे ती. मी तर नऊ वर्षं तशी बसतेय. पण हे तिला सांगणार कसं? क्लायंटपुढे स्वतःचं रडगाणं गायचं नाही, हा आमच्या कामाचा नियम. मग कथेत तरी कशाला गायलं? लेखिका म्हणून मिरवायचं होतं ना? भोगा आता.

आजही गाडीत बसले. वीस नाही, चाळीस मिनिटं. आत गेले तर नवरा सोफ्यावर तोच अंक वाचत होता. गराजचं दार उघडल्याचा आवाज त्या सोफ्यापर्यंत येतो. रोज येतो.

चष्मा काढून म्हणाला, "छान लिहिलंयस. बिचारी! कुठली क्लायंट गं ही?"

म्हटलं, "नाव सांगता येत नाही. नियम आहे."