गुण्याखालचा उजेड

प्रिय बाबा,

माझा फोन आला की तो वहिनीच्या हातात देऊन तुम्ही बाल्कनीत जाता, म्हणून लिहायला बसले. हा कागदही तिच्याकडे सरकवलात तर ती मोठ्याने वाचून दाखवणार आहे. तसं मी तिला बजावून ठेवलंय.

आधी रागाचं. जिन्याच्या कठड्याचे चौकोनी पाइप मी मापं घेऊन, रेघा मारून ठेवले होते. मी जरा बाजारात गेले, तेवढ्यात तुम्ही सगळे कापून मोकळे! आणि कसे? एक धड सरळ नाही. जोडायला घेतले तर एकीकडे टेकतात, दुसरीकडे बोट जाईल एवढी फट. वेल्डिंगने बुजवू म्हणालात. बाबा, फटी बुजवणाऱ्यांना तुम्ही जन्मभर काय काय नावं ठेवलीत, आठवतंय ना? वर खापर फोडलंत ते ग्राइंडरच्या बिचाऱ्या चकतीवर. चकती हलकी निघाली म्हणे! नाचता येईना, अंगण वाकडं.

शिवाय रेघ दिसत नाही म्हणून ग्राइंडरच्या चकतीवरचा गार्ड काढून ठेवलेला. चकती पाइपात अडकली, मशीन उसळलं आणि शर्टाची बाही फाटली. खरचटण्यावर निभावलं हे नशीब. पुन्हा ग्राइंडरला हात लावलात तर वायरच कापून टाकीन, असं मी म्हणाले. ते मी अजूनही मागे घेत नाही. तुम्ही लगेच पिशवी भरलीत, त्यात आपल्या वर्कशॉपचा गुण्या घातलात आणि दादाकडे निघून गेलात. रुसायला वयाची अट नसते हेच खरं. मला मात्र काटकोन बघायला नवा गुण्या आणावा लागला.

तिथे तरी स्वस्थ बसावं! वहिनी सांगते, दादाच्या घरातल्या एकेका खिडकीला गुण्या लावून तुम्ही नाकं मुरडता. आणि चहा सोडलात म्हणे. बाबा, तुम्ही आणि चहा सोडणार? बशीत सांडतो म्हणून सोडलात, हे न कळायला मी कुक्कुलं बाळ आहे का?

तुम्ही गेल्यावर ते वाकडे तुकडे नीट पाहिले. मला तुम्ही काय शिकवलंत? गुण्याने चारही बाजूंना रेघ फिरव. आधी रेघेवर हलकी खाच पाड. मग त्याच खाचेतून सावकाश ने, दाबू नकोस, मशीनचं वजन पुरतं. या पाइपांवर खाच कुठेच नाही. एका दमात चकती घुसवलीय. तुम्हाला घाई नव्हती, बाबा. सावकाश गेलं की हात थरथरतो, तो दिसू नये म्हणून तुम्ही जोर लावलात. मला सांगायला काय धाड भरली होती? मी काय परकी आहे? असा संताप आला आणि त्यातच रडूही आलं.

पत्रासोबत पाइपचा एक तुकडा पाठवलाय. रेघेच्या कडेला जाड लोखंडी अँगल क्लॅम्पने आवळून बसवला, गार्ड लावला आणि चकती त्या अँगलच्या आधाराने चालवली. मशीन दोन्ही हातांनी धरलं होतं आणि हात मुद्दाम थरथरवत होते, तुमचे थरथरतात तसे. वाया गेलेल्या तुकड्यांचा ढीग कोपऱ्यात आहे, त्यावर चकार शब्द काढायचा नाही. आधाराने कापण्याला तुम्ही कुबडी म्हणता, खुशाल म्हणा. मी शेजारी उभी राहणार आणि गार्ड निघणार नाही, यात घासाघीस चालणार नाही. गुण्या तुमच्याजवळ आहेच. या तुकड्याला लावा आणि खिडकीशी धरून बघा. मधून जरा जरी उजेड दिसला तरी येऊ नका. नाही दिसला, तर मुकाट्याने पिशवी भरा. कठड्याचे नवे पाइप रेघा मारून ठेवलेत. त्यातला एकही मी कापलेला नाही.

तुमचीच,
भांडकुदळ