आमच्या कातळावरचा बैल

अर्जुना, पावणं धाडायचं आसलं तर आदी फोन करावा, एवढं तुला मिलिटरीनं शिकवलं न्हाई व्हय? तुझी नात क्रांती कॉलेजातल्या चार पोरी आन् त्यांची म्याडम घिऊन दारात हुबी, आन् माझ्या घरातलं सगळं दूध डेअरीला गेल्यालं. कोरा चहा पाजला. नाक तुझं कापलं, माझं न्हाई.

आता रामराम. गुडघा कसा हाय? माझा इचारू नको. कडेगावात वळीव झाला आसंल, हितं शिराळ्याकडं नुसतं ढग फिरत्यात.

पोरी आल्या त्या आमच्या बांधावरच्या कातळासाठी. त्यावरचा कोरल्याला बैल तुला ठावा हाय (माझ्या लग्नात त्याच्यावर बसून लाडू खाल्लास). दावणीचं बैल जाऊन ट्रॅक्टर आला, तवापासनं बेंदराला मी त्याच्याच शिंगांना हिंगूळ लावते, पुरणपोळी दावते. सण करायचा कुनाचा मग, ट्रॅक्टरचा? माझ्या ल्योकाला, कृष्णातला, मातूर त्यो कातळ खुपतोय. फोडून ऊस वाढवायचा म्हनून त्यानं जेसीबी सांगिटल्याला, आन् त्यो नेमका त्याच दिवशी आला.

पावणं बघनार म्हनून मी फुडं जाऊन चिंच लावून बैल घासाय बसले, समई घासावी तसा. क्रांती पळत आली आन् घासणी काढून घेतली. आवं आजी, हजारो वर्सांचं हाय ते, घासून झिजंल म्हनाली. मी म्हनलं, मी बी झिजलेय, मला कोन जपतंय? पोरगी रागावली न्हाई. मऊ कापडानं चिंच टिपत बसली.

म्याडम म्हनाली, हे रेघ ओढून न्हाई, दगडानं दगड ठोकून कोरलंय, लय जुनी तऱ्हा. शेजारी हात वर केल्याला मानूस हाय, त्यो देवाला आळवतोय न्हाईतर नाचतोय, नक्की सांगता येत न्हाई. मी म्हनलं, बाई, त्याच्या पिकात जनावर शिरलंय. तिनं ते बी लिवून घेतलं.

उन्हं तिरकी झाली तशी क्रांतीनं जेसीबीपाशी ताटकळल्याल्या कृष्णातला हाक मारली. काका, हितं बघा. बैलाच्या पोटाखाली, कवाच कुनाला दिसलं नव्हतं, वासरू. मान वर, शेपूट ताठ, प्यायला लागल्यालं. एवढी वर्सं मी गाईला बैल म्हनून रंगवत व्हते, आन् ती बया गप ऱ्हायली. कृष्णात दुधाच्या धंद्यातला. पित्या वासराला हाकलायला त्याचा हात व्हईना. टोपी काढून डोकं खाजवलं, आन् जेसीबी माघारी लावला.

तुझ्या नातीनं कातळ राखला, आन् मरायच्या आदी मला वासरू दावलं. मी कुनाचं उपकार मानत न्हाई, तुला ठावं हाय. तिचं मानते. तिला सांगू नको, डोक्यावर बसंल. काकवीची बरनी धाडलीय ती तिची, तू बोट घालू नको.

तुझी थोरली भन,
अंबूबाई

ता. क. बेंदूर म्हैन्यावर आला. तेल, रंग, खडू, कायबी लावायचं न्हाई म्हनून क्रांती बजावून गेलीय. हिंगूळ मी आदीच आनून ठेवल्याला. शिंगाच्या टोकाला बारकासा ठिपका चालंल का? रेघंच्या भाईर जानार न्हाई.

आनी एक. न्हाईच म्हनाली, तर तिनं सोता बेंदराला यावं आन् माझा हात धरून बसावं, एकटीला मला धीर निघायचा न्हाई. उत्तर तिनंच द्यायचं. तू देऊ नको, तू मला भिऊन व्हय म्हनशील.